नावागणिक ओलावा

मोहाडीच्या घरी, हातमागाच्या शेजारी, जी दीड हात रुंद जागा दामिनीच्या वाट्याला आली होती तिथल्या टेबलावर त्या सकाळी पुढील वस्तू होत्या : एक लॅपटॉप, दोन बटणे निखळलेला. धानाचे सात स्टीलचे डबे, प्रत्येकावर ओलाव्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, सर्वात कोरडा १२.१ टक्के, सर्वात ओला १९.४. धानातला ओलावा मोजायचे एक यंत्र, हाताने जोडलेले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवलेले. आणि आखीव कागदावर लिहिलेली पाच नावांची यादी, अकराव्यांदा दुरुस्त केलेली. सहाव्या डब्यात धान थोडे कमी होते, कारण शेजारच्या पुष्पाबाईंनी त्यातले मूठभर पूजेला नेले होते. देवाला १८.१ टक्के ओलाव्याचे धान गेले याची नोंद दामिनीने वहीत केली होती. देवाकडून तक्रार आली नव्हती.

यंत्र एक होते आणि नावे पाच होती. पुढचे सगळे या एका वजाबाकीतून झाले.

यंत्र जन्माला आले ते श्याममामांमुळे. श्याममामा म्हणजे दामिनीच्या आईचे धाकटे भाऊ. मोहाडीपासून सात किलोमीटरवर धामणटोला, तिथे त्यांची साडेतीन एकर धानाची बांधी. आदल्या हंगामात ते धान घेऊन खरेदी केंद्रावर गेले, तीन दिवस रांगेत राहिले आणि चौथ्या दिवशी ग्रेडरने यंत्र लावून सांगितले, १७.८. मर्यादा सतराची. धान परत. मामांनी त्यातले दोन मुठी धान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भाचीकडे आणले. "तू एवढी शिकली, तं पाय बरं पोरी, हे खरंच ओलं आहे का मलेच कोरडं वाटून राहिलं."

दामिनी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. ज्या मुलीला 'साधारण' हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो, अशा जातीची. तिने ते धान नागपूरच्या कॉलेजातल्या भट्टीत वाळवले, वाळवण्याआधी आणि नंतर वजन केले, तेही तीनदा, आणि उत्तर काढले : १५.२. मामांना सांगितले. मामा तो आकडा पाहून म्हणाले, "मंग आता?"

या 'मंग आता'चे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. दामिनीने ते आइस्क्रीमच्या डब्यात बसवले.

यंत्र साधे होते. तांब्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी, वर धान ठेवायचे. धान जितके ओले तितकी त्या पट्ट्यांमधली विद्युतधारणा, म्हणजे वीज साठवून धरायची ताकद, जास्त. ती मोजायची आणि पडद्यावर टक्के दाखवायचे. सात डबे, प्रत्येकाची तीन मोजमापे, एकूण एकवीस. जास्तीत जास्त चूक ०.३. मामांनी यंत्र मोटारसायकलला अडकवून सगळ्या धामणटोल्यात फिरवले. लोकांनी धान मोजले, मग तूर मोजली, हळद मोजली. एका गृहस्थांनी आपली उशी मोजली आणि ती १९ आली म्हणून बायकोशी भांडण केले. मामा प्रत्येक अंगणात एकच वाक्य म्हणत, "माह्या भाचीनं बनवली. खोटं नाही बोलत."

ही कीर्ती केंद्र चालवणाऱ्या सहकारी संस्थेपर्यंत पोहोचली. सभा भरली आणि ठराव झाला की जुने यंत्र बाद करावे आणि कु. दामिनीकडून अशी पाच यंत्रे करून घ्यावीत. केंद्रावर वजनाचे काटे दोन होते. काटे दोन असताना यंत्रे पाच कशाला, असे दामिनीने भर सभेत विचारले. उत्तर मिळाले की संचालक पाच आहेत. या उत्तरात तिला तेव्हा तर्क सापडला नाही. तो होता, आणि पक्का होता.

आपल्याकडे वस्तू नावाशिवाय जगू शकत नाही, हे शास्त्रात न शिकवलेले शास्त्र आहे. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर नाव असते, आणि पंखा सुरू झाला की दात्याची कीर्ती गोल फिरते. बसथांब्याच्या बाकावर नाव असते, त्यावर बसल्याशिवाय बसता येत नाही. पाण्याच्या टाकीवर, मंदिराच्या पायरीवर, स्मशानातल्या शेडवर नाव असते. लग्नात दिलेल्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, तर नाव हवेच, नाही तर पंगतीनंतर गंज दुसऱ्याच्या घरी जाऊन तिथलाच होऊन बसतो. तेव्हा पाच यंत्रे, पाच संचालक, पाच नावे. आणि नाव डब्यावर नको. डबा बदलता येतो. नाव आतल्या सर्किटच्या पाटीवर हवे, जिथे 'खरी मशीन' असते. डब्याला वरून पारदर्शक झाकण लावायचे, म्हणजे धान ठेवणाऱ्याला ते दिसेल. हा तपशील संस्थेचे अध्यक्ष सेवकरामजी तितीरमारे यांना सुचला. अध्यक्षांना तपशील सुचू लागले की समजावे, काम संपले.

यादी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाच नावे पाच ओळींत मावत होती. दुसऱ्या दिवशी एका संचालकांच्या नावापुढे 'प्रगतिशील शेतकरी' आले. ते पाहून दुसऱ्यांनी स्वतःचे नाव काढून 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' असे घातले, ज्यात मातोश्रींचे पूर्ण नाव होते आणि अर्पण करणाऱ्याचेही, म्हणजे काढलेले नाव परत आले आणि सोबत एक घेऊन आले. अध्यक्षांचा मजकूर अकराव्या दुरुस्तीअखेर असा स्थिर झाला : 'मा. श्री. सेवकरामजी डोमाजी तितीरमारे, माजी उपसरपंच तथा विद्यमान अध्यक्ष'. महिला संचालक आनंदाबाई मते यांनी फक्त स्वतःचे नाव सांगितले. सर्वात धाकटे संचालक संजीव भुरे यांनी तर फोनवर विचारले, "नाव टाकाच लागते का ताई? बरं, टाका. 'श्री.' लावजा फक्त, नाही तं घरचे म्हणतीन, याले 'श्री.' बी नाही भेटला."

आता प्रश्न होता नावे पाटीवर चढवायची कशी. सर्किटची पाटी बनवणारा कारखाना तुमच्याकडून चित्र मागत नाही, आकड्यांची फाइल मागतो. इथे जा, तांबे ठेवायला सुरुवात कर, तिथवर जा, थांब, उचल. हजारो ओळी, नुसते आडवे-उभे अंतर. तांब्याची एक फाइल, वरच्या पांढऱ्या शाईची एक, भोकांची एक. दामिनी ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाटी आखत होती त्याला देवनागरी हे अक्षरांचे नाव आहे याची कल्पना नव्हती. त्याने 'तितीरमारे' लिहिताना वेलांट्या एकीकडे टाकल्या, मात्रा एकीकडे, आणि अध्यक्षांच्या नावाचे जे केले ते विरोधकांनाही जमले नव्हते.

म्हणून दामिनीने स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामांची यादी : नाव वाच, प्रत्येक अक्षराच्या रेषा काढ, रेषांचे आकडे कर, ते आकडे कारखान्याच्या फाइलमध्ये नेमक्या जागी घुसव, आणि असे पाच पाट्यांसाठी पाच वेळा कर. तीनशे चाळीस ओळी. त्यातल्या नव्वद फक्त जोडाक्षरांसाठी. तिला स्वतःला ती स्क्रिप्ट यंत्रापेक्षा जास्त आवडली, आणि हे तिने कोणाला सांगितले नाही.

वडील मधुकरराव मागावरून हे सगळे पाहत होते. कोसा रेशमाच्या साड्या विणण्यात त्यांचा जन्म गेलेला. एक दिवस धोटा थांबवून म्हणाले, "किनारीत नाव घातलं का बाई, पदर तेवढ्या अंगानं ओढते. ताणा पहिल्यापासूनच बदलावा लागते. नाव काही फुकट नाही बसत कापडात."

"बाबा, हे कापड नाही आहे."

"बरं," मधुकरराव म्हणाले, आणि धोटा पुन्हा सुरू झाला. विणकराचे 'बरं' म्हणजे होकार नव्हे, एवढे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

पहिला नमुना आला. तो अध्यक्षांच्या नावाचा होता, नाव पांढऱ्या शाईत. दामिनीने सातही डब्यांवर यंत्र तपासले, चूक ०.२, म्हणजे हाताने केलेल्यापेक्षा सरस. ती समाधानाने सभेत गेली. कारखान्याचा मात्र एक नियम होता : शाई भोकावर आली तर तेवढी कापायची. स्क्रूचे एक भोक नेमके 'सेवकरामजी'च्या पहिल्या अक्षरावर आले होते.

"डोकं उडवलं माह्यं," अध्यक्ष म्हणाले.

"भोक दोन मिलिमीटर सरकवते, काका."

"भोक सरकवजो, पण शकुन गेला ना."

तेव्हा आनंदाबाई पुढे झाल्या. त्यांनी नमुना हातात घेतला, पदराचे टोक ओले केले आणि शाईवर घासले. शाई निघाली नाही, पण त्यांचे मत बदलले नाही. "रंग आहे हा. आज नाही, उद्या पुसते. गंजावर आपण रंगानं नाव टाकतो का? कोरतो. तसं कोर. तांब्यात घे ना पोरी नाव. तांबं तं आहेच त्याच्यात."

या सूचनेवर सभेत टाळी पडली. दामिनीलाही ती वाजवी वाटली. तांब्यात घ्यायचे म्हणजे स्क्रिप्टमधले एक अक्षर बदलायचे, शाईच्या फाइलऐवजी तांब्याची फाइल. पाच मिनिटांचे काम. अध्यक्षांनी एकच अट घातली, मोठेपणाने घातली : "सगळ्याइचे अक्षर सारख्या उंचीचे पाहिजेत. आपल्या इथं लहान-मोठा भेद नाही." दामिनीने उंची चार मिलिमीटर ठरवली, सगळ्यांना समान. समान उंचीमुळे नावांची लांबी अर्थातच ज्याची त्याची राहिली. अध्यक्षांचे नाव एका बाजूत मावेना, म्हणून स्क्रिप्टने ते पट्ट्यांच्या भोवती तीन बाजूंनी वळवले. फार सुबक वळवले. पाट्यांवरची सगळी भोके तिने आकारानुसार मोजून तपासली. नावे तपासली ती वेलांटीपुरती. सर्किट ते सर्किट आणि नाव ते नाव, असा तिचा समज होता.

कारखान्यातून ईमेल आले. कोणी तरी अनामिक, सावध माणूस होता तो, आणि दामिनी पुढे त्याची अनेकदा आठवण काढणार होती. त्याने विचारले होते : मोजण्याच्या पट्ट्यांशेजारी लांबलचक तांबे आहे, ते कशालाच जोडलेले नाही. हे मुद्दाम ठेवले आहे का?

दामिनीने उत्तर दिले : मुद्दाम आहे.

पार्सल पाच दिवसांत यायचे होते. कुरिअरवाल्यांनी ते मोहाडीला पोहोचवले, फक्त नाशिककडच्या मोहाडीला. महाराष्ट्रात मोहाड्या एकाहून जास्त आहेत हे दामिनीला भूगोलात शिकवले होते, कुरिअरला शिकवले नव्हते. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, डिलिव्हर दिसत आहे." तिने सांगितले की मला मिळालेले नाही. तो म्हणाला, "मोहाडीला मिळालं ना?" या दोघांत अकरा फोन झाले. तेवढ्यात पुष्पाबाईंनी सल्ला दिला की पार्सल उंबऱ्याबाहेर अडले असेल तर उंबऱ्यावर उलटी वहाण ठेवावी. दामिनीने ठेवली नाही. पार्सल आले तेव्हा उंबऱ्यावर उलटी वहाण होती. कोणी ठेवली याचा तपास झाला नाही.

पार्सल आले ते उद्घाटनाच्या सकाळी. पाच पाट्या जोडून, पाच डब्यांत बसवून, सॉफ्टवेअर भरून ती केंद्रावर पोहोचली तेव्हा मंडप लागला होता, नारळ तयार होता, आणि भंडाऱ्याहून सील करायला आलेले साहेब घड्याळ पाहत होते. सॉफ्टवेअरमधले आकडे नमुन्याच्या पाटीवरून घेतलेले होते. बदलले काय होते? फक्त नाव शाईतून तांब्यात गेले होते.

"साहेब, दोन तास द्या. तपासून घेते."

"मॅडम, मला दीड वाजता पवनीला पोचायचं आहे. नमुना तपासला ना तुम्ही? रिपोर्ट आहे ना? मग झालं." त्यांनी पाचही डब्यांना तार बांधली, तारेला शिसे लावले, शिसे दाबले. सील उघडल्यास कारवाई होईल, असे छापील कागद चिकटवले. मग नारळ फुटला.

प्रात्यक्षिकासाठी दामिनीने तिसरा डबा नेला होता. १४.० टक्के, भट्टीत तीनदा तपासलेला. आधी संजीव भुऱ्यांचे यंत्र : १४.२. टाळ्या. आनंदाबाईंचे : १४.३. टाळ्या. प्रगतिशील शेतकरी : १४.६. मातोश्री : १५.२. टाळ्या. अध्यक्षांचे : १६.२.

मंडपात कडकडाट झाला. पाचही सतराच्या आत होते आणि सतराच्या आत म्हणजे पास, एवढे सगळ्यांना कळत होते. अध्यक्षांनी माइक घेतला. "पाहून घ्या. पाच मशिनी आहेत, पण सर्वात जास्त कोणाची दाखवते? बोलणं बरं नाही दिसत, पण आकडा बोलते."

एकच धान, पाच आकडे. मंडपातल्या दोनशे माणसांत एकटी दामिनी टाळ्या वाजवत नव्हती. श्याममामा तिच्या शेजारी उभे राहून दोघांच्या वाटणीच्या वाजवत होते.

घरी येऊन तिने संगणकावर पाच नावांची लांबी मोजली. देवनागरीला डोक्यावर एक सलग रेघ असते. शाईत ती रेघ असते, तांब्यात ती तार होते, आणि शेजारच्या पट्ट्यांची विद्युतधारणा वाढवते, जी यंत्र ओलावा म्हणून वाचते. संजीव भुरे, रेघ २.४ सेंटीमीटर, चूक ०.२. आनंदाबाई ३.१, चूक ०.३. प्रगतिशील शेतकरी ६, चूक ०.६. मातोश्री १२, चूक १.२. अध्यक्ष २२ सेंटीमीटर, पट्ट्यांना तीन बाजूंनी मिठी मारून, चूक २.२. तिने आलेख काढला. पाचही ठिपके एका सरळ रेषेत बसले. दर सेंटीमीटर नावामागे ०.१ टक्का ओलावा. चार सेकंद, फक्त चार, तिला अतिशय आनंद झाला, कारण इतका सरळ आलेख तिला एम.एस्सी.च्या दोन वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. मग तिने लॅपटॉप बंद केला.

मधुकररावांनी आलेख पाहिला होता. 'मी म्हणालो होतो' असे ते म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी माग नेहमीपेक्षा जोरात वाजला, एवढेच.

दुरुस्ती चार मिनिटांची होती. डबा उघडायचा, लॅपटॉपची तार जोडायची, प्रत्येक यंत्रात त्याच्या नावापुरती वजाबाकी भरायची. पण डब्याला सील होते. सील उघडायला भंडाऱ्याच्या कार्यालयात अर्ज लागत होता. अर्जासोबत संस्थेच्या अध्यक्षांचे पत्र लागत होते, आणि त्या पत्राचा मजकूरही छापील होता : 'खाली नमूद केलेले यंत्र सदोष असल्याचे मी मान्य करतो.' नमूद करण्याच्या जागी यंत्रावरचे नाव लिहायचे होते.

दामिनी आलेख घेऊन अध्यक्षांच्या घरी गेली. त्यांनी चहा मागवला, आलेख आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

"म्हणजे माह्या नावाची मशीन खराब आहे, असं मी लिहून देऊ?"

"खराब नाही, काका. जास्त दाखवते. २.२ नं."

"मंग बाकीच्या कमी दाखवते असं म्हण ना. त्या चार दुरुस्त कर, माह्यीवर आणून ठेव. सगळ्या सारख्या होऊन जातीन. तुले सारख्याच पाहिजेत ना?"

"सारख्या नाही, बरोबर पाहिजेत."

"सारख्या असल्या का बरोबरच असते," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे उच्चारले की दामिनीला क्षणभर आपल्या पदवीची शंका आली. तिने शेवटचा मार्ग सुचवला. नावाची रेघ ब्लेडने दोन-तीन ठिकाणी खरवडली तरी बराच फरक पडेल. किंवा निदान 'माजी उपसरपंच' एवढे...

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "पोरी, मी पाच वर्षं उपसरपंच होतो. ते तू ब्लेडनं खरवडून राहिली?"

चहा अर्धा राहिला. आठवड्याभरात संस्थेने नवा ठराव केला : केंद्रावर एकसूत्रता राहावी म्हणून अध्यक्षांच्या नावाचे यंत्र 'मुख्य यंत्र' मानावे, शेतकऱ्यांचे धान त्यावरच मोजावे, आणि उरलेली यंत्रे 'विशेष प्रसंगी' वापरावीत. विशेष प्रसंग कोणते हे ठरावात नव्हते. ते ग्रेडर मनिषला दोन दिवसांत कळले. बपेऱ्याच्या बाजूने, मध्य प्रदेशातून येणारा एखाद्या व्यापाऱ्याचा ट्रक हा विशेष प्रसंग. संचालकांच्या व्याह्यांचे धान हा विशेष प्रसंग. हे सगळे संजीव भुऱ्यांच्या यंत्रावर मोजले जाई. अध्यक्षांचे स्वतःचे धानही तिथेच मोजले गेले. "आपल्याच मशीनवर आपलंच मोजणं शोभत नाही," असे ते म्हणाले, आणि लोकांना तो मोठेपणा वाटला.

लोक काही मूर्ख नव्हते. रांगेत नवी भाषा सुरू झाली. "तुह्यं कोणाच्या नावावर लागलं?" "मोठ्या." "मंग चाल घरी." कोणी म्हणे, "आनंदाबाईवर लागलं असतं तं निघालो असतो गा." संजीव भुरे यांना लोक वाटेत थांबवून नमस्कार करू लागले आणि ते गोंधळले. त्यांनी आयुष्यात केलेले सर्वात मोठे लोककल्याण म्हणजे आईवडिलांनी ठेवलेले छोटे नाव. दामिनीने भंडाऱ्याला तीन अर्ज केले. पहिला पत्र जोडलेले नाही म्हणून परत आला. दुसरा, अर्जदार यंत्राची मालक नाही म्हणून. तिसऱ्याची पोच मिळाली, त्यावर क्रमांक होता, आणि क्रमांकाच्या पुढे काहीही नव्हते.

श्याममामांचा टोकन नंबर आला तो या सगळ्याच्या नंतर. दामिनीने त्यांना दोनदा समजावले होते. धान १४.८ च्या खाली गेल्याशिवाय मोठ्या यंत्रावर टिकणार नाही. मामांनी ते ऐकले आणि धान आणखी दोन दिवस ताडपत्रीवर पसरले, पण ढगाळ हवेत ते वाळून वाळणार किती? केंद्रावर जायच्या सकाळी तिने आइस्क्रीमच्या डब्यातले जुने, बिननावाचे यंत्र लावले. १५.१. तिने वहीत १५.१ लिहिले, त्याखाली २.२ लिहिले, आणि बेरीज लिहिली नाही.

केंद्राच्या आवारात पोत्यांच्या एकोणीस राशी होत्या, मामांची बारावी. मनिषने मामांना पाहिले, दामिनीला पाहिले, आणि दोघांना जरा बाजूला घेतले. तो वाईट मुलगा नव्हता. फक्त त्याला नोकरी होती.

"ताई, तुमचे मामा ना हे? मी संजीवभाऊवर लावून देतो. कोणी नाही विचारत."

दामिनीने मनात आकडा केला. १५.१ अधिक ०.२, म्हणजे १५.३. पास. आणि जवळपास खराही. तिला हवा होता तो आकडा पहिल्यांदाच समोर आला होता, आणि तो मामांना वशिल्याने मिळणार होता. मागे सात राशी होत्या, सात माणसे त्यांच्याकडे पाहत होती.

"काहून बाजूच्यावर?" मामांनी विचारले.

"त्याच्यावर कमी येते, मामाजी."

मामांनी मागे वळून रांगेकडे पाहिले. त्या सातांपैकी पाच जणांच्या अंगणात ते वर्षभरापूर्वी यंत्र घेऊन गेले होते. "मी गावभर सांगून फिरलो, भाचीची मशीन खोटं नाही बोलत. आता भाचीच्याच मशीनीतून निवडून घेऊ का, ही नको, ते दे? लोक काय म्हणतीन?"

"मामाजी, ती चुकते. मी सांगितलं ना तुम्हाला."

"तूच बनवली ना?"

"हो."

"मंग तू बनवलेली इतकी कशी चुकन? अन् मी दोन दिवस वाळवलं बी आहे." ते मनिषकडे वळले. "लाव गा, मोठ्या नावावर लाव. जे सगळ्याइले, ते मले."

दामिनी म्हणाली, "मनिषभाऊ, थांबा." मनिष थांबला. तिच्याकडे आलेख होता, वहीत तीन अर्जांच्या प्रती होत्या, पोचेचा क्रमांक होता. तिने वही उघडली. मामांनी हलकेच तिच्या हातातून वही घेतली, मिटली आणि काखेत धरली, लहानपणी तिचे दप्तर धरत तशी.

मनिषने राशीत हात घालून मूठभर धान काढले, पारदर्शक झाकणाखालच्या पट्ट्यांवर ओतले आणि सपाट केले. धानाच्या कडेने तांबे चमकत होते, तीन बाजूंनी, वेलांट्यांसकट. रांगेतली माणसे जवळ आली. पडद्यावरचा आकडा नेहमीप्रमाणे आधी थोडा खालीवर झाला, मग स्थिरावला.

मनिषने तो मोठ्याने वाचला आणि रजिस्टरमध्ये लिहिला : १७.३.